वाळवणात काय उरते?

परसबागेची एक अडचण सर्वांच्या ओळखीची आहे. बी एकाच दिवशी टाकलेले असते, म्हणून भाजीही एकदमच तयार होते. महिन्यापूर्वी ज्या वाफ्यात नुसती माती दिसत होती, तिथे आज मेथी मावत नाही. घरात खाऊन होते, शेजारी वाटून होते, तरी उरतेच. गवार, भेंडी, वांगी, टोमॅटो यांचीही तीच गत. ताजी भाजी आपल्यासाठी थांबत नाही. दोनचार दिवसांत ती पिवळी पडते, सडते.

यावर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे वाळवण. मेथी निवडून सावलीत पसरायची, गवारीच्या शेंगा आणि कारल्याच्या चकत्या सुपात घालून उन्हात ठेवायच्या, हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, वाळवून मडक्यात भरायचा, कैरीच्या फोडींची आंबोशी करायची, आवळ्याची आवळकाठी आणि कोकमाची आमसुले. पावसाळ्यात भाजी महाग झाली की हे डबे उघडायचे. याला ना वीज लागते, ना यंत्र.

या साध्या कृतीत दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला असा, की भाजी वाळवली म्हणजे ती टिकते का? दुसरा असा, की टिकते म्हणजे तिच्यातले नेमके काय टिकते? पहिला प्रश्न कोणालाही सुचेल. दुसरा सुचायला माणसाला फार काळ लागला आणि त्या काळात हजारो खलाशी आणि सैनिक प्राणांना मुकले. शेवटी जी मंडळी यात सापडली त्यांत आपल्याकडचे सैनिकही होते. या लेखात आपण मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत.

कोठारातील सुकी भाजी

वाळवून टिकवणे ही बहुधा अन्न टिकवण्याची सर्वांत जुनी रीत असावी. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात इंकांच्या काळी बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसा तुडवून पाणी काढून उन्हात वाळवीत. त्याला 'चुन्यो' म्हणतात आणि तो आजही केला जातो.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारावरील अधिकाऱ्याने कोणकोणत्या वस्तू साठवाव्यात याची यादी आहे. त्यात सुके मासे व मांस यांच्याबरोबर सुके कंद, मुळे, फळे आणि भाज्या येतात. किल्ल्यात अनेक वर्षे पुरेल असा जो साठा करायचा, त्यातही तेल, धान्य, मीठ, औषधे यांच्या जोडीला सुक्या भाज्यांचा उल्लेख आहे. म्हणजे वेढ्याच्या काळात खाण्यासाठी वाळलेली भाजी ठेवावी, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे.

चरकसंहितेत मात्र सुक्या भाज्या आणि सुके मांस रोजच्या रोज खाऊ नये असे सांगितले आहे. कारण दिले आहे ते या गोष्टी पचायला जड असतात हे. हे वाचून चरकाला जीवनसत्त्वे ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह काहींना होईल. तो टाळायला हवा. वाळवलेली भाजी ही ताज्या भाजीची पूर्ण बरोबरी करीत नाही, एवढे निरीक्षण त्या काळी झाले होते, इतकेच आपण म्हणू शकतो. निरीक्षण खरे असते आणि कारण वेगळेच निघते, असे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा घडले आहे.

हंगेरीतला हिवाळा

स्कर्व्ही हा रोग आज आपण क्वचितच पाहतो. माणूस थकतो, हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते, दात हलू लागतात, अंगावर काळेनिळे डाग पडतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि उपाय झाला नाही तर मृत्यू येतो. लांबच्या समुद्रप्रवासात तो हटकून होई, म्हणून तो खलाशांचा रोग मानला जाई. पण तो जमिनीवरही होई.

१७२० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सम्राटाची फौज हंगेरीत हिवाळी तळ देऊन होती. तिथे हजारो शिपाई स्कर्व्हीने मेले. क्रामर नावाचा डॉक्टर या फौजेबरोबर होता. त्याने एक गोष्ट टिपली, की रोग साध्या शिपायांना होत होता, अधिकाऱ्यांना नाही. क्रामरने व्हिएन्नाच्या वैद्यक महाविद्यालयाकडे मदत मागितली. तिथल्या विद्वानांनी स्कर्व्हीवर गुणकारी समजल्या जाणाऱ्या वनस्पती पुष्कळ प्रमाणात पाठवल्या, पण वाळवून. त्यांचा काही उपयोग झाला नाही. ताज्या हिरव्या वनस्पती आणि आंबट फळांचा रसच या रोगावर चालतो, असे क्रामरने अनुभवावरून लिहून ठेवले.

यातली गंमत पाहा. वनस्पती त्याच होत्या. त्या सडलेल्या नव्हत्या, त्यांना बुरशी नव्हती. पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या उत्तम टिकल्या होत्या. दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांत काही उरले नव्हते.

क्रामरचा हा अनुभव जेम्स लिंड या स्कॉटिश डॉक्टरने आपल्या १७५३ मधील स्कर्व्हीवरील ग्रंथात नोंदवला आहे. लिंडचा प्रयोग बहुतेक शिक्षकांना माहीत असतो. १७४७ च्या मे महिन्यात 'सॉल्झबरी' जहाजावर त्याने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांना जेवण सारखेच ठेवले आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तुलनेने प्रयोग कसा करावा याचा हा आदर्श मानला जातो.

पण याच लिंडने पुढे काय सुचवले? फळे जहाजावर महिनोन्‌महिने टिकत नाहीत, म्हणून त्यांचा रस मंद आचेवर आटवून पाकासारखा घट्ट करावा आणि बाटल्यांत भरावा. घट्ट झालेला रस टिकत असे, हे खरे. पण त्याचा गुण शिल्लक राहतो का, हे त्याने खलाशांच्या जोड्या करून पुन्हा तपासले नाही. आज आपल्याला कळते, की आटवताना आणि नंतर साठवणीत त्यातला उपयुक्त घटक बराचसा नष्ट होत असणार. ज्याने एवढा नेटका प्रयोग केला, त्यानेही 'टिकणे' आणि 'गुण टिकणे' ही एकच गोष्ट धरली.

कोबीच्या वड्या

एकोणिसाव्या शतकात वाळवण घराबाहेर पडून कारखान्यात गेले. पॅरिसच्या उद्यानविद्या संस्थेतील मुख्य माळी मासों याने १८५० च्या सुमारास कोबी, गाजर वगैरे भाज्या चिरून गरम हवेच्या झोतात वाळवण्याची आणि मग दाबयंत्राखाली दाबून त्यांच्या घट्ट वड्या करण्याची पद्धत बसवली. शोले यांच्या कंपनीने हा माल मोठ्या प्रमाणावर काढला. ताज्या कोबीत शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणीच असते. ते काढून टाकले आणि उरलेले दाबले, की गाडाभर भाजी एका पेटीत मावते. सैन्य आणि आरमार यांना याहून सोयीचे काय असणार? क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) ही भाजी फ्रेंच आणि ब्रिटिश फौजांकडे गेली.

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेकडील सैन्याच्या शिध्यातही अशा वड्या होत्या. पाण्यात टाकल्या की त्या फुगून भांडेभर होत. सैनिकांना त्या मुळीच आवडत नसत. इंग्रजीत 'वाळवलेली' आणि 'विटाळलेली' या अर्थांचे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. त्यावरून सैनिकांनी या भाजीला 'विटाळलेली भाजी' असे नाव पाडले होते. चेष्टा बाजूला ठेवली, तरी ही भाजी दिली जात होती ती स्कर्व्ही टाळण्यासाठी, आणि स्कर्व्ही काही टळली नाही. या सैन्याच्या दप्तरी तिच्या सुमारे तीस हजार रुग्णांची नोंद आहे.

मग कोणाच्या लक्षात कसे आले नाही? याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. एक तर स्कर्व्ही लगेच होत नाही. ताजे अन्न बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तिची लक्षणे दिसू लागतात, त्यामुळे कारण आणि परिणाम यांत मोठे अंतर पडते. दुसरे असे, की सैनिक मधूनमधून कांदा, बटाटा, एखादे फळ असे काही ताजे खात. मग रोग झाला नाही तर श्रेय वाळलेल्या भाजीला जाई. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. अन्नात एखादी गोष्ट 'असल्यामुळे' रोग होतो, हे त्या काळच्या वैद्यकाला पटत होते. एखादी गोष्ट 'नसल्यामुळे' रोग होतो, ही कल्पना अजून रुजायची होती. जंतूंचा शोध लागल्यावर तर अनेक डॉक्टर स्कर्व्हीचे कारण डबाबंद मांसातील विषात शोधू लागले. क्रामरची नोंद ग्रंथात तशीच पडून राहिली.

गिनीपिगची साक्ष

कोंडी फुटली ती १९०७ मध्ये, नॉर्वेच्या राजधानीत. ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्र्योलिख हे दोघे खरे तर जहाजांवर होणाऱ्या बेरीबेरीसारख्या रोगाचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिगना नुसते धान्य खाऊ घातले. प्राण्यांना बेरीबेरी झाली नाही. त्यांच्या हिरड्यांतून व सांध्यांतून रक्तस्राव झाला, हाडे ठिसूळ झाली. ही स्कर्व्ही होती. ताजा कोबी किंवा लिंबाचा रस दिला, की ती टळत होती.

यात नशिबाचा भागही होता. उंदीर, कुत्रा, गाय असे बहुतेक सस्तन प्राणी हा आवश्यक घटक आपल्या शरीरातच तयार करतात, त्यामुळे त्यांना स्कर्व्ही होत नाही. माणूस, माकडे आणि गिनीपिग यांना तो तयार करता येत नाही. होल्स्ट यांनी उंदीर निवडले असते, तर काहीच दिसले नसते.

आता दुसरा प्रश्न माणसांचे बळी न देता विचारता येऊ लागला. या दोघांनी १९१२ पर्यंत अनेक भाज्या वाळवून, साठवून गिनीपिगना दिल्या. वाळवल्याने आणि त्यानंतरच्या साठवणीत भाजीचा स्कर्व्हीरोधक गुण जातो, हे त्यांना स्पष्ट दिसले. आंबट पदार्थांत मात्र तो अधिक चांगला टिकतो, हेही त्यांनी नोंदवले. ही दुसरी नोंद लक्षात ठेवू या; शेवटी तिचे काम पडणार आहे.

कूतचा वेढा

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ही माहिती प्रसिद्ध झालेली होती. पण ती शिध्याच्या यादीपर्यंत पोहोचलेली नव्हती. याची किंमत ज्यांनी मोजली त्यांत भारतीय सैनिक होते.

१९१५ च्या अखेरीस जनरल टाउनशेंड याच्या हाताखालील सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावात अडकली. या डिव्हिजनमध्ये ब्रिटिश पलटणींबरोबर पंजाबी, राजपूत अशा भारतीय पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या. तुर्की फौजेने ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा आवळला. तो २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला.

जवळजवळ पाच महिन्यांच्या या वेढ्यात एकाच गावात, एकाच वेळी, दोन गटांना दोन वेगवेगळे रोग झाले. ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाली, भारतीयांना स्कर्व्ही. का? ब्रिटिश सैनिकांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. मैदा करताना कोंड्याबरोबर बेरीबेरी टाळणारा घटक निघून जातो. आज आपण त्याला 'ब-१' जीवनसत्त्व म्हणतो. पण हे सैनिक घोड्याचे ताजे मांस खात होते आणि त्यातून थोडे का होईना, स्कर्व्ही टाळणारे द्रव्य त्यांना मिळत होते. भारतीय सैनिकांचे पीठ कोंड्यासकट असलेला आटा होते, म्हणून त्यांना बेरीबेरी झाली नाही. मात्र त्यांतील बहुतेकांनी धार्मिक निषेधामुळे शेवटच्या आठवड्यांपर्यंत घोड्याचे मांस नाकारले. ताजी भाजी तर जवळजवळ नव्हतीच. पुढे मैदा संपला आणि ब्रिटिशांनाही आटा खावा लागला, तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. एखाद्याने मुद्दाम आखावा असा हा प्रयोग परिस्थितीने घडवून आणला होता. त्यात माणसे होती, आणि शरणागतीनंतरच्या कैदेत त्यांतली हजारो परत आली नाहीत.

कूतबाहेर, मेसोपोटेमियातील इतर भारतीय तुकड्यांतही १९१६ मध्ये स्कर्व्हीने हजारो सैनिक निकामी झाले. पीठ, डाळ, तूप, साखर हे सगळे टिकाऊ आणि पोट भरणारे होते. कोठाराच्या हिशोबात काही कमी नव्हते.

मोड आलेली कडधान्ये

याच काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी मार्गारेट ह्यूम, एलन डेल्फ, रूथ स्केल्टन या शास्त्रज्ञ स्त्रिया सैन्याच्या अन्नावर काम करीत होत्या. प्रत्येक पदार्थ किती प्रमाणात दिला म्हणजे गिनीपिगला स्कर्व्ही होत नाही, हे त्या मोजत होत्या. 'हा पदार्थ गुणकारी आहे का' असे न विचारता 'किती गुणकारी आहे' असे विचारणे, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य. १९१८ मध्ये डेल्फ आणि स्केल्टन यांनी वाळवलेल्या कोबीवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताज्या कोबीचा जो गुण, त्याचा फारच थोडा अंश वाळवलेल्या कोबीत उरतो, आणि साठवणीत तोही घटत जातो. सैन्यांनी सत्तर वर्षे ज्याच्यावर भिस्त ठेवली, त्या भाजीचे मोजमाप अखेर झाले.

मग दूरच्या रणांगणावर ताज्या भाजीऐवजी काय द्यायचे? चिक आणि ह्यूम यांनी १९१७ मध्ये एक उपाय पुढे केला, तो वाचून महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहिणीला हसू येईल: कडधान्ये भिजवून त्यांना मोड आणावेत. कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीरोधक गुण जवळजवळ नसतो. पण बी भिजून अंकुरू लागले, की त्यात हे द्रव्य नव्याने तयार होते. नॉर्वेत फ्यूर्स्टने १९१२ मध्ये हे दाखवले होते. १९१८ मध्ये विल्टशायर या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांच्या एका गटाला मोड आलेली कडधान्ये आणि दुसऱ्याला लिंबाचा रस दिला. मोड आलेल्या कडधान्यांचा गट मागे पडला नाही, उलट सरस ठरला.

या उपायात वाळवण्याचा फायदा शाबूत राहतो, हे पाहा. अख्खी मसूर किंवा मूग कोरड्या स्थितीत वर्षभर टिकतात, गोणीतून कुठेही नेता येतात आणि हवे तेव्हा दोन-तीन दिवसांत 'ताजी भाजी' होतात. अट एकच: कडधान्य अख्खे हवे. फोडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. सैनिकाला डाळ द्यायची की अख्खा मूग, हा कारकुनी वाटणारा निर्णय त्याच्या हिरड्यांचा आणि जिवाचा निर्णय होता.

मोडाच्या उसळीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ती चवीसाठी आणि पचनासाठी चालत आली. तिच्यातला हा गुण कळायला गिनीपिग आणि तराजू लागले. घरची रीत आणि प्रयोगशाळा या दोघींना एकमेकींची गरज असते, असे आम्हांला यावरून वाटते.

पुन्हा हंगेरी

या अज्ञात द्रव्याला १९२० मध्ये 'क' जीवनसत्त्व असे नाव मिळाले. ते प्रत्यक्षात कोणते रसायन आहे हे १९३२ मध्ये ठरले. त्यात मोठा वाटा असलेले आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी तेव्हा हंगेरीतील सेगेड या गावी प्राध्यापक होते. हे गाव पाप्रिका नावाच्या लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मिरच्यांच्या माळा ओवून घरांच्या वळचणीला वाळत टाकतात आणि मग त्यांची पूड करतात. सेंट-ग्यॉर्गी यांनी मात्र ताज्या मिरच्या घेतल्या आणि त्यांच्यातून हे जीवनसत्त्व किलोच्या मापाने मिळवले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या देशात क्रामरच्या शिपायांना सुक्या वनस्पतींनी वाचवले नव्हते, तिथल्याच ताज्या मिरचीतून दोनशे वर्षांनी उत्तर बाहेर आले.

रसायन कळल्यावर वाळवताना काय होते तेही कळले. 'क' जीवनसत्त्व हवेतील ऑक्सिजनशी सहज संयोग पावते. भाजीच्या पेशींमध्ये काही विकरे, म्हणजे एन्झाइम असतात. भाजी चिरली किंवा सुकताना पेशी फुटल्या, की ही विकरे मोकळी होतात आणि जीवनसत्त्वाचा नाश झपाट्याने करतात. म्हणून दुसऱ्या महायुद्धात भाज्या वाळवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काही मिनिटे काढण्याची पद्धत कारखान्यांत नेमाने पाळली गेली. उष्णतेने विकरे निकामी होतात. थोडे जीवनसत्त्व पाण्यात जाते, पण उरलेले पुष्कळ अधिक टिकते. रंगही चांगला राहतो.

आणि पहिला प्रश्न? भाजी वाळवली की टिकते का, याचे नेमके उत्तर सर्वांत शेवटी मिळाले. ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ ते १९५७ या काळात दाखवले, की पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येण्याजोगे पाणी किती मोकळे आहे, हे महत्त्वाचे असते. शुद्ध पाण्याचे हे माप १ धरले, तर बहुतेक जिवाणूंना ०.९ हून अधिक लागते, बहुतेक बुरशींना सुमारे ०.८, आणि ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. नीट वाळलेली भाजी याच्या खाली असते. साखरेच्या पाकात किंवा मिठात पदार्थ का टिकतो, याचेही उत्तर हेच. तिथे पाणी असते, पण साखर-मिठाने ते बांधून ठेवलेले असते.

मग वाळवावे की नाही?

अवश्य वाळवावे. एवढा इतिहास सांगितला तो वाळवण मोडीत काढण्यासाठी नव्हे. वाळलेल्या भाजीत चुना, लोह असे क्षार, प्रथिने आणि चोथा राहतात. दहा किलो मेथी वाळवली तर दीड किलोच्या आसपास उरते. म्हणजे मूठभर सुक्या पाल्यात हे घटक चांगलेच एकवटलेले असतात. फेकून देण्याच्या भाजीतून हे मिळत असेल, तर ते सोडण्यात शहाणपण नाही. फक्त तिच्याकडून जे मिळणार नाही, त्याची सोय दुसरीकडून करायची. सुक्या मेथीच्या भाजीबरोबर ताटात लिंबाची फोड, मोडाची उसळ, पेरू, कोथिंबीर यांपैकी काही असले, की हिशोब पुरा होतो.

वाळवताना काही गोष्टी पाळाव्यात. भाजी सकाळी तोडावी, धुऊन, पातळ चिरून, उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढावी. पालेभाजी उन्हापेक्षा हवेशीर सावलीत वाळवावी. ज्यापासून आपल्या शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होते ते कॅरोटीन कडक उन्हाने नष्ट होते. वाळवायला ऊन जितके लागते तितकाच वाराही लागतो, कारण भाजीभोवतीची दमट हवा हलली नाही तर पाणी उडणे मंदावते. म्हणून थर पातळ असावा, खालूनही हवा लागेल अशी चाळणी किंवा जाळी असावी, वर पातळ कापड असावे. पाला चुरचुरीत आणि शेंग कटकन मोडेल अशी झाली, की गार करून झाकणाच्या कोरड्या डब्यात, अंधारात ठेवावी. अर्धवट वाळलेला माल भरू नये. त्याला बुरशी येते आणि काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात. तेवढी भाजी झटकून वापरणे धोक्याचे.

आता होल्स्ट-फ्र्योलिख यांची ती आंबटाची नोंद. आवळा वाळवला तरी त्यातले 'क' जीवनसत्त्व इतर भाज्यांच्या मानाने चांगले टिकते. एक तर मुळात ते पुष्कळ असते. शिवाय आवळ्याची आम्लता आणि त्यातील तुरट द्रव्ये त्याचे रक्षण करतात. अशा एका तुरट द्रव्यावर दामोदरन आणि नायर यांनी १९३६ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. १९३९-४० मध्ये हिस्सार भागात दुष्काळ पडून स्कर्व्हीची साथ आली, तेव्हा आवळ्याचा उपयोग उपचारासाठी करण्यात आला. सर्व वाळवणे सारखी नसतात, हे आवळकाठीवरून दिसते.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग तराजूचा. निवडलेल्या मेथीचे १०० ग्रॅमचे तीन वाटे करा. एक उन्हात, एक वाऱ्याच्या सावलीत आणि एक बंद खोलीत ठेवा. रोज ठरलेल्या वेळी वजन करून आलेख काढा. वजन घटायचे थांबले, की भाजीत पाणी साधारण किती होते ते काढता येईल. कोणता वाटा आधी सुकला, कोणाचा रंग टिकला, कोणाला वास आला, हेही विद्यार्थ्यांनी लिहावे.

दुसरा प्रयोग 'क' जीवनसत्त्वाचा. चमचाभर आरारूट पाण्यात उकळून, गार करून भरपूर पाणी घाला आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे काही थेंब टाका. निळा द्रव तयार होईल. तो परीक्षानळ्यांत सारखा ओता. एकात लिंबाचा रस थेंबथेंब घाला आणि किती थेंबांनी निळा रंग जातो ते मोजा. तसेच ताजी कोथिंबीर वाटून काढलेले पाणी, वाळवून पुन्हा भिजवलेल्या कोथिंबिरीचे पाणी, कोरड्या मटकीच्या पिठाचे पाणी आणि मोड आलेल्या मटकीचे पाणी घेऊन पाहा. आयोडिनचा रंग इतर काही द्रव्यांनीही जातो, म्हणून या प्रयोगातून नेमका आकडा मिळत नाही. तुलना मात्र चांगली होते.

तुलना खरी होण्यासाठी काय काय सारखे ठेवायला हवे, हे शिक्षकांनी आधी सांगू नये. ताजी कोथिंबीर १० ग्रॅम घेतली, तर वाळलेलीही १० ग्रॅम घ्यायची, की १० ग्रॅम ताजीपासून जेवढी मिळाली तेवढीच? पाणी किती? किती वेळ भिजवायचे? या प्रश्नांवर वर्गात वाद होऊ द्यावा. तो वाद झाला, की लिंडने बारा खलाशांना जेवण सारखे का दिले, आणि पाकाच्या बाटल्यांच्या बाबतीत त्याने काय करायचे बाकी ठेवले, हे विद्यार्थी आपण होऊन सांगू लागतील.